बॅटऱ्या बदलायच्या आधी त्या पूर्ण भरतायत का ते बघा

तुम्ही लिहिलंयत की रोज संध्याकाळी तीन तास जनरेटर चालवता, चार्जरचा हिरवा दिवा लागला की बंद करता, आणि पहाटे इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या समांतर, ४० अँपिअरचा चार्जर, आणि दुकानदार म्हणतोय बॅटऱ्या गेल्या. आमच्या वीज न पोचलेल्या घरात डिट्टो हेच चालू होतं, म्हणून जरा लांबण लावतोय.

कनेक्शन घट्ट आहेत, फ्यूज आहे, पाण्याची पातळी बघितली आहे, हे सगळं धरून चालतो.

तो हिरवा दिवा डोक्यातून काढून टाका. स्वस्तातल्या बऱ्याच चार्जरांत व्होल्टेज १४.४ च्या आसपास टेकलं की तो लागतो, आणि तेव्हा लेड-अ‍ॅसिड बॅटरी जेमतेम ८० टक्के भरलेली असते. तिथून पुढे ती स्वतःच करंट कमी कमी घेत जाते. निम्म्यावर आलेल्या तुमच्या बॅटऱ्या ८० टक्क्यांपर्यंत दोन-अडीच तासांत जातील, पण उरलेल्या २० टक्क्यांना चार-पाच तास सहज लागतात. मोठा जनरेटर आणला तरी यात फरक पडत नाही. शेवटी शेवटी तर बॅटऱ्या ५ अँपिअर घेत असतात, म्हणजे जेमतेम ७० वॅट, आणि तेवढ्यासाठी बाहेर जनरेटर पेट्रोल पीत धडधडत असतो. कंटाळून आपण तो बंद करतो. रोज असं अर्धवट सोडलं की प्लेटांवर सल्फेट धरतं, कडक होतं, आणि बॅटरीची ताकद गुपचूप कमी होत जाते.

आता आमचं खरं नुकसान कुठे झालं ते सांगतो. नाव घेत नाही, उगाच वाद नको. वॉरंटीत असताना बॅटऱ्या सर्व्हिस सेंटरला नेल्या. तिथल्या माणसाने त्या चार्जिंगला लावल्या, काढल्या काढल्या मीटर टेकवला, १३.१ आलं, रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहिलं, विषय संपला. चार्जरवरून नुकत्या उतरवलेल्या बॅटरीवर हे वरवरचं व्होल्टेज असतंच, त्यावरून काहीही कळत नाही. लोड टेस्ट (बोजा लावून तपासणी) करा म्हटलं तर मशीन दुरुस्तीला गेलंय. ग्रॅव्हिटी (आतल्या अ‍ॅसिडची घनता) बघा म्हटलं तर साहेब आल्यावर. असं करत करत वॉरंटी संपली, आणि मग त्याच टेबलावरून उत्तर आलं: सल्फेशन झालंय, वापर चुकीचा, क्लेम बसत नाही. त्याच रजिस्टरच्या मागच्या पानांवर त्यांचेच ‘ओके’ होते! असो. आजही आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून मोजमाप घरीच करा. चार्ज झाल्यावर रात्रभर लोड न लावता, दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून ठेवा. सकाळी १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. त्याहून भरवशाचं म्हणजे हायड्रोमीटर, ही ग्रॅव्हिटी मोजायचं साधन. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी साधारण १.२६५ यावी. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे. एखादाच सेल १.१९० वर आणि बाकीचे १.२५० वर असतील तर मात्र दुकानदार बरोबर असू शकतो. तारीख घालून आकडे लिहा आणि कुठेही दाखवायला नेलंत तर कागदावर सही-शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. (सीलबंद बॅटरी असेल तर हायड्रोमीटरचा प्रश्नच नाही.)

माझं स्पष्ट मत: संध्याकाळी जनरेटर लावणं हेच उलटं आहे. सकाळी लावा, जोरात घेतायत तोवर भरा, आणि शेवटचा टप्पा सोलर पॅनलवर सोडा. पुरेशा आकाराचं पॅनल तेवढं काम दिवसभरात शांतपणे करतं. पॅनल नसेल तर आठवड्यातून एकदा मन घट्ट करून जनरेटर चालूच ठेवा, तासातासाने ग्रॅव्हिटी बघा, आकडा वाढायचा थांबेपर्यंत.

जनरेटर मधेच ट्रिप होतो असंही लिहिलंयत. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर (जनरेटरवर पडणाऱ्या बोजापैकी खरी कामाला येणारी वीज किती, ते प्रमाण) ०.६५ च्या आसपास असतो. ४० अँपिअरला बॅटरीत जातात ५७५ वॅट, पण चार्जरमधली गळती धरून जनरेटरवर बोजा पडतो हजारभर व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर). तुमच्या १ केव्हीएच्या, म्हणजे हजार व्हीएच्या, जनरेटरला तो झेपणार नाहीच. करंट कमी करता येत असेल तर करा, नाहीतर पॉवर फॅक्टर सुधारलेला चार्जर बघा.

मी इलेक्ट्रिशियन नाही, व्होल्टेजच्या बाबतीत बॅटरीसोबतच्या कागदावर जे लिहिलंय तेच अंतिम. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला, आधी नाही, नाहीतर उतू जाऊन अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकंच आधी घाला. बॅटऱ्यांच्या खोलीत हवा खेळती हवी, हायड्रोजन साठतो. आणि पाऊस असो, चोरीची भीती असो, जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून बाराही सेलचे आकडे टाका, मग बदलायच्या की नाही ते बोलू.