धार जिल्ह्यातल्या बागजवळच्या गावात शिक्षिकेची पोस्टिंग मिळालीये. नेटवर लोकसंख्या हजार-बाराशे, सरकारी बस नाही, रेल्वे 10 किमीच्या वर असं दिसतंय. खरं मानू का? इंदूरहून अप-डाउन जमेल?

अप-डाउनचं आधीच सांगून टाकतो ताई, नाही जमणार. इंदूरच्या गंगवाल बस स्टँडहून धार 60-65 किमी, धारहून बाग अजून शंभरेक, आणि मग तुमचं गाव. जवळच्या कुक्षीला खोली बघा, शनिवारी घरी या. मी इंदूरच्या रामबागेतला, पण अकरा वर्षं त्याच पट्ट्यात, टांड्याच्या बाजूला मास्तरकी केली म्हणून ठासून सांगतोय.

आता आकडे. या सगळ्या साइट्स 2011 च्या जनगणनेतून माल उचलतात आणि फक्त गावाचं नाव बदलून तेच पान चिकटवतात. 2021 ची जनगणना कोरोनात राहिली, आता 2027 ची होतेय, म्हणजे आकडा खोटा नाही पण 2011 ला जन्मलेलं पोरगं आता दहावीला आलंय.

आणि त्या भागात अजून एक भानगड आहे जी नेटवर कोणी लिहीत नाही. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत होती, मी स्वतः प्रगणक होतो, फॉर्मचा गठ्ठा काखेत धरून फलियाफलियात (फलिया म्हणजे वस्ती, पाडा) हिंडायचो, आणि फेब्रुवारीत तिकडची कितीतरी कुटुंबं मजुरीला गुजरातला गेलेली असतात. दाराला कुलूपसुद्धा नाही, तारेने बांधलेली काटेरी फांदी फक्त, शेजारची म्हातारी सांगायची, "गुजरात गए, होली पे आएँगे." नियम असा की त्या वीस दिवसांत जो एकदाही गावात नव्हता त्याला तिथे धरायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजला जाईल (गेला की नाही देव जाणे). होळी त्या वर्षी 20 मार्चला, भगोरियाला (होळीआधीचा आदिवासी बाजार-मेळा) सगळी मंडळी हजर, आणि माझे फॉर्म तोवर जमा! तुमच्या शाळेतही हेच बघाल, दिवाळीनंतर वर्ग रिकामा व्हायला लागतो.

"सरकारी बस नाही" वाचून घाबरू नका. आपल्या मध्य प्रदेशातलं रोडवेज, म्हणजे सरकारी बस महामंडळ, 2011 च्या आधीच गुंडाळलं होतं, मग त्या रकान्यात दुसरं काय येणार? प्रायव्हेट बसचा रकाना वेगळा असतो, तो बघा. तिथेही नेमकं अंतर नसतंच, 5 किमीच्या आत, 5 ते 10, नाहीतर 10 च्या वर, एवढंच, त्यामुळे 11 किमी आणि 90 किमी एकाच भावात. रेल्वेचं तर सोडाच, इंदूर-दाहोद लाइनचं भूमिपूजन 2008 चं, पण 2011 ला खुद्द धार शहरात गाडी नव्हती.

खरी सवारी म्हणजे तूफान, ती शेअरची जीप. भरल्याशिवाय हलत नाही, हाटाच्या दिवशी टपावर कोंबड्या, पोती आणि माणसं, मी कित्येकदा गिअर दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन बसलोय आणि ड्रायव्हर दर वेळी "सरजी, ज़रा पैर" म्हणायचा. ती कुठल्याच रकान्यात नीट सापडत नाही.

रस्त्याचं मात्र नीट विचारून घ्या. कागदावर गाव एक असतं पण फलिये लांब लांब विखुरलेले, आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजना वस्ती धरते, गाव नाही (आदिवासी भागात 250 लोकवस्तीच्या वर), म्हणून एका फलियापर्यंत डांबर आणि पुढे नाला. शाळा नेमकी कुठल्या फलियात आहे ते पंचायत सचिवाला किंवा रोजगार सहायकाला फोन करून विचारा, समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबांचा नोंदणी क्रमांक) यादी त्यांच्याकडेच असते, सध्या घरं किती तेही कळेल.

आणि शेवटची तूफान किती वाजता निघते तेही विचारा. आमची साडेचारला जायची, शाळाही साडेचारलाच सुटायची.