एमबीएचं पहिलं सेमिस्टर: आधी हिशेब धर

बी.ए. करून एमबीएला आलास म्हणून घाबरू नकोस. मीही बी.ए.वालाच. पहिल्या तासाला डेबिट म्हणजे वजाबाकी समजून बसलो होतो, ती खात्याची नुसती डावी बाजू निघाली!

सुरुवातीला तीनच गोष्टी धर.

१. अकाउंटिंग. बाकीचे विषय शेवटच्या आठवड्यात कसेबसे निघतात, हा नाही निघत. रोज अर्धा तास, वहीत, हाताने. समज, दुकानदाराने ७० हजारांचा माल रोखीने घेतला आणि ६० दिवसांच्या उधारीवर १ लाखाला विकला. कागदावर ३० हजार नफा, पण गल्ल्यातून ७० हजार गेलेले, आणि महिनाअखेरीला नोकराचा पगार दारात उभा. नफा वेगळा, रोकड वेगळी. हे डोक्यात बसलं की वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, आपोआप कळतं.

२. एक्सेल. पिव्होट टेबल (मोठ्या यादीची गटवार बेरीज मांडणारा तक्ता) आणि लुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणं) पुरे. मॅक्रोच्या, म्हणजे एक्सेलमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, नादी आत्ता लागू नकोस.

३. एका कंपनीचा वार्षिक अहवाल. शेअर बाजारातल्या कंपन्यांचे अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. ब्रिटानिया घे, बिस्किटं तरी ओळखीची असतात.

चुका? मित्र घेतोय म्हणून फायनान्स घेणं. ग्रुप असाइनमेंटमध्ये नुसत्या स्लाइड रंगवत बसणं. पण सगळ्यात महागात पडते ती इंग्रजी कच्चं म्हणून प्रेझेंटेशन टाळण्याची चूक. मी पहिलं सेमिस्टर मागच्या बाकावर काढलं आणि इंटर्नशिपच्या मुलाखतीत तोंडच उघडेना. तू पहिल्याच महिन्यात उभा राहा, अडखळलास तरी चालेल. स्पेशलायझेशनचं नंतर बोलू, त्याला अजून वेळ आहे.