चिरफाड न करता मृत्यूचे कारण कळते का?

प्रश्न : गेल्या वर्षी माझे काका मोटारसायकलवरून पडून दगावले. घरच्यांचा विरोध असूनही पोलिसांनी शवविच्छेदन करायला लावले. दिल्लीत मृतदेहाचे सीटी स्कॅन करून हेच काम भागते, असे ऐकले. मग देहाची चिरफाड कशासाठी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २०२१ पासून ही सोय आहे. या पद्धतीचा पाया १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील बर्न येथे घातला गेला, तर मेलबर्नच्या न्यायवैद्यक संस्थेत आलेल्या जवळपास प्रत्येक मृतदेहाचे आधी स्कॅन होते. मृतदेह ठेवलेली पिशवी न उघडता काही मिनिटांत हे स्कॅन होते, आणि हाडांची मोडतोड, शरीरात अडकलेली गोळी, मेंदूतील रक्तस्राव या गोष्टी त्यात ठळक दिसतात. छातीत किंवा रक्तवाहिन्यांत शिरलेली हवा शोधण्यात तर स्कॅन सुरीपेक्षा सरस ठरते, कारण छेद घेताच ती हवा निसटून जाते.

तरीही आपल्या काकांच्या बाबतीत केवळ स्कॅनवर भागले असते, असे मला वाटत नाही. कवटी फुटल्याचे त्यात दिसले असते. पण गाडीवरून पडण्याआधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता का, पोटात मद्य किंवा विष होते का, हे साध्या सीटीवरून सांगता येत नाही, आणि विम्याचा दावा असो वा न्यायालयातील खटला, तो नेमका याच मुद्द्यांवर अडतो. त्यासाठी हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडून पाहाव्या लागतात आणि व्हिसेरा (जठर, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे नमुने) राखून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. शिवाय मृत्यूनंतर फुप्फुसांच्या खालच्या भागात साचलेले रक्त स्कॅनमध्ये न्यूमोनियासारखे भासते आणि कुजण्यातून तयार झालेला वायू बाहेरून शिरलेल्या हवेसारखा दिसतो, त्यामुळे जिवंत रुग्णांचे स्कॅन वाचण्यात तरबेज असलेला डॉक्टरही येथे फसू शकतो.

ब्रिटनमध्ये १८२ प्रौढ मृतदेहांचे आधी स्कॅन आणि नंतर शवविच्छेदन करून दोन्हींचे निष्कर्ष ताडून पाहण्यात आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सीटीवरून ठरवलेले मृत्यूचे कारण ३२ टक्के, तर एमआरआयवरून ठरवलेले ४३ टक्के प्रकरणांत शवविच्छेदनाशी मोठ्या प्रमाणात जुळले नाही. हृदयविकार आणि फुप्फुसातील रक्ताची गुठळी हीच कारणे वारंवार निसटली होती.

म्हणून माझ्या मते आधी स्कॅन करावे आणि त्यावरून कोठे, किती छेद घ्यायचा ते ठरवावे. काही अपघाती मृत्यूंत छेद टळूही शकेल. कायद्याचे म्हणाल, तर मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस मृतदेह तपासणीसाठी पाठवतात, आणि त्यासाठी नातेवाइकांची संमती लागत नाही. मात्र स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तशी लेखी विनंती करण्यास कोणतीच आडकाठी नाही.