खाली दहा, वर एकवीस

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही तीन वर्षांपासून आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहतो. शेजारच्या आजींनी त्यांच्या आईचं जुनं बॅस्टिबल मला दिलंय, म्हणजे ते तीन पायांचं जाड लोखंडी भांडं ज्यात पूर्वी चुलीवर सोडा ब्रेड भाजायचे. मी मागच्या अंगणात कोळशाच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाचा भुगा दाबून केलेल्या वड्या, पेटवून दोनदा करून बघितला, दोन्ही वेळा खालून कोळसा, वरून पांढरा आणि आत कच्चा. शिवाय पिवळट डाग पडले आणि साबणासारखी चव आली. पीठ छान मळून वीस मिनिटं झाकून ठेवलं होतं तरी फुगला नाही. आजींना खाऊ घालायचाय हो, काय चुकतंय? आणि इथे पाऊस थांबतच नाही, तर शेडमध्ये केलं तर चालेल का? भांडं बारा इंची आहे.

उत्तर : आधी शेडचं सांगते. अजिबात नको. दार उघडं ठेवून पण नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आत गुंगी येते आणि जीव जातो. पाऊस थांबेल तेव्हाच अंगणात कर, आणि नंतर विझत आलेला कोळसा पण घरात आणू नकोस.

आता ब्रेड. तू पीठ मळून झाकून ठेवलंस ना, तिथेच निम्मा ब्रेड गेला. आपल्या हाताला कणकेची सवय, भिजवायची, तिंबायची, मुरायला ठेवायची, आणि यीस्टच्या ब्रेडला ते चालतंसुद्धा, पण सोड्याचं गणित उलटं आहे. ताकातलं आम्ल सोड्याला लागलं की त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटायला लागतात, ते भांड्यात गेल्यावर सुटायला हवेत, तुझ्या परातीत वीस मिनिटं सुटून गेले तर भट्टीत फुगायला उरलं काय? आणि मळल्यामुळे ग्लुटेन, म्हणजे पिठातलं चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जातं, ब्रेड चिवट होतो. आयर्लंडचा गहू मुळात मऊ, ग्लुटेन कमी, यीस्टला फारसा न मानवणारा, म्हणून तर 1830-40 च्या सुमारास खाण्याचा सोडा तिकडे पोचला तसा तो घरोघरी गेला. पीठ घरात, लोणी काढून उरलेलं ताक घरात, वेगळी भट्टी नको, मळण नको.

प्रमाण असं घे : 450 ग्रॅम साधा मैदा, एक सपाट चमचा सोडा, एक चमचा मीठ, 350 ते 400 मिली बटरमिल्क, म्हणजे तिकडचं ताक. चमचा म्हणजे चहाचा. दुकानात 'स्ट्राँग' लिहिलेलं पीठ घेऊ नकोस, ते यीस्टवाल्यांचं, आणि सेल्फ रेझिंग पण नको, त्यात बेकिंग पावडर आधीच असते. पिवळे डाग म्हणजे सोड्याच्या गुठळ्या आणि साबणाची चव म्हणजे सोडा जास्त झाला. सोडा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या बोटाने चुरडायचा, बोटाला एकही खडा लागता कामा नये, मग पिठात चाळून टाकायचा.

मधे खळगा करून बहुतेक सगळं ताक एकदम ओत. मग हाताची बोटं वाघनखांसारखी ताठ पसरून मधून बाहेर गोल गोल फिरव, बस, अर्ध्या मिनिटात गोळा होतो. हाताला चिकटेल, थालीपिठाच्या पिठापेक्षा जरा सैल वाटेल, घाबरून वरून पीठ ओतत बसू नकोस. पिठी लावलेल्या ओट्यावर हलकेच गोल कर, जाडी चार सेंटीमीटर, आणि सुरीने आरपार नाही पण चांगला खोल फुलीसारखा छेद दे. तिकडची जुनी माणसं म्हणतात की त्यातून पऱ्या बाहेर पडतात, पण खरा उपयोग म्हणजे मधल्या जाड भागापर्यंत आच पोचते. तुझा मधे कच्चा राहतोय, तेव्हा छेदाला कंजूषी नको.

आणि विस्तव. तू भांडं ढिगावर ठेवलं असणार आणि झाकणावर चार-पाच निखारे. उलट करायचं. बॅस्टिबलच्या झाकणाला काठ असतो तो याचसाठी, पूर्वी त्यावर टर्फचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट या जळाऊ मातीचे, धगधगते निखारे रचायचे. बारा इंची भांड्यात साधारण 220 अंश सेल्सिअस हवं असेल तर खाली दहा ब्रिकेट आणि वर एकवीस. खालच्या दहा गोलाकार, काठाच्या आतल्या बाजूला, मधोमध एकही नाही. ब्रिकेट वरून राखाडी झाल्याशिवाय वापरू नकोस. दहा मिनिटं रिकामं भांडं झाकणासकट तापव, तळाशी चिमूटभर पीठ टाकून बघ, हळूहळू बदामी झालं तर बरोबर, टाकल्या टाकल्या काळं पडलं तर खालच्या दोन-तीन काढ. मग गोळा अलगद आत. दर बारा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरी एका बाजूला आणि झाकण पाव फेरी उलट बाजूला फिरव, म्हणजे एकाच जागी चटका बसत नाही. वारा असेल तर आडोसा कर, वाऱ्याने एक बाजू भराभर जळते.

पस्तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही! मग लोखंडी हुकाने झाकण सरळ वर उचल, तिरकं केलंस तर राख ब्रेडवर. ब्रेड उलटा करून तळाला बोटाच्या पेराने ठोक, डब डब असा पोकळ आवाज आला की झाला, नाहीतर अजून पाच-सात मिनिटं. काढल्यावर सुती फडक्यात गुंडाळ, वरचं कवच मऊ राहतं. गरम भांड्यावर गार पाणी मात्र कधीच नको, बीड तडकतं, आणि आजींच्या आईचं भांडं परत मिळणार नाही.

प्रश्न : पुण्यात हे भांडं मिळत नाही, आणि आपलं ताक चालेल का? ट्रेकला करायचाय.

उत्तर : घरचं ताक फार पातळ असतं, त्याऐवजी 300 ग्रॅम आंबट दही आणि 100 मिली पाणी घुसळून घ्या. भांडं म्हणाल तर बिडाची जाड सपाट तळाची कढई आणि वर लोखंडी तवा उताणा, त्याच्या खोलगट भागात निखारे. कोकणात काकडीचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, असंच खाली-वर विस्तव ठेवून भाजतात, तुमच्या घरी कुणी केलं असेल तर त्यांना आच किती ठेवतात ते विचारा, त्यांचा अंदाज माझ्या आकड्यांपेक्षा पक्का असेल. कढईला पाय नसतात म्हणून ती तीन दगडांवर दोन बोटं उंच ठेवा, निखाऱ्यांना हवा मिळते आणि तळ जळत नाही. लाकडाचे निखारे ब्रिकेटपेक्षा लवकर विझतात, तेव्हा बाजूला थोडे पेटते ठेवा आणि वीस मिनिटांनी तव्यावर नवे घाला.