वाचकांचे प्रश्न : ऐकलेलं नेमकं सांगायचं कसं?

शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं ऐकणं आणि त्याविषयी एकमेकांशी बोलणं, यासंबंधी सीमाभागातल्या वाचकांकडून आलेल्या निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो. ऐकताना रंग भरतो, पण नंतरचं बोलणं ‘वा, काय लावलाय गंधार!’ इथंच थांबतं, नाहीतर घराण्यावरून वाद पेटतो. ऐकलेलं दुसऱ्याला नीट कसं सांगावं?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

दाद त्या क्षणी द्यावी आणि भरभरून द्यावी. पण नंतर बोलायला बसल्यावर समोरच्याला तीच जागा पुन्हा सापडली पाहिजे. त्यासाठी वही हवी आणि घड्याळ हवं. ‘अंतऱ्यात काय सुंदर पोचलेत’ असं लिहिण्याऐवजी ‘11 मिनिटं 20 सेकंदांवर तार षड्ज (वरचा सा), त्याआधी निषादावर दोनदा रेंगाळून परत फिरले’ असं लिहा. मग दुसरा माणूस ती जागा ऐकून तुमच्याशी सहमत होईल किंवा होणार नाही, पण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असाल.

पानाच्या माथ्यावर ध्वनिमुद्रणाची ओळख पटेल एवढं हवंच : कलाकार, राग, बंदिशीचा मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ), ताल, साथीदार, एकूण लांबी, तबकडी, कॅसेट, आकाशवाणी की खाजगी मैफल, आणि तबकडी असेल तर लेबलवरचा क्रमांक. ‘भीमसेनजींचा शुद्ध कल्याण’ एवढ्यानं काहीच कळत नाही. तो राग ते अनेक वर्षं, अनेक ठिकाणी गायले. एकजण एका मैफलीबद्दल बोलतो, दुसरा तबकडीबद्दल, आणि निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

लय मोजायला शिका, फार अवघड नाही. एका समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंतचे, म्हणजे एका आवर्तनाचे, सेकंद मोजा. विलंबित (संथ) एकतालाच्या 12 मात्रांना 48 सेकंद लागले, तर एका मात्रेला 4 सेकंद, म्हणजे मिनिटाला 15 मात्रा. तीनतालाच्या 16 मात्रा 16 सेकंदांत झाल्या, तर मिनिटाला 60. एकाच आवर्तनावर विसंबू नका. तीन आवर्तनं मोजून सरासरी काढा. हे सुरुवातीला, मध्यावर आणि द्रुत (जलद भाग) सुरू होण्याआधी असं तीनदा करा, कारण ख्याल चढत जातो आणि किती चढला हे कानाला नेमकं सांगता येत नाही. मोजताना चूक होते ती तबल्याच्या भरणीमुळे. अतिविलंबितात तबलजी दोन मात्रांमधली जागा बोलांनी भरतो आणि नवखा माणूस त्या बोलांनाच मात्रा धरतो. मुखड्यातलं कुठलं अक्षर समेवर पडतं ते आधी हेरा आणि त्यावरच घड्याळ दाबा. एवढं केलंत की ‘किराणा घराण्याची लय संथ, जयपूरची चढी’ हे वाक्य तुमच्या वहीत आकड्यांसह येईल, आणि एखाद्या गायकाला ते लागू पडत नसेल तर तेही तिथंच दिसेल.

ध्वनिमुद्रण कशावर झालं याचा विचार मत देण्याआधी करा. 10 इंची 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत, 12 इंचीला चारच्या वर थोडी, एलपीच्या बाजूला वीस-बावीस मिनिटं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ऐकून ‘बढत (रागाचा सावकाश विस्तार) केलेली नाही’ असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. तेवढ्या मिनिटांत त्यांनी कुठले स्वर निवडले, कुठे थांबले, ओळ कितीदा फिरून आली, हे मोजा. तीन मिनिटांत अख्खा राग उभा करण्याची ती कारागिरी आजही थक्क करते.

बैठकीसाठी आमची शिफारस अशी : पहिल्यांदा संपूर्ण ध्वनिमुद्रण, कुणीही न बोलता. मग त्यातलाच पाचेक मिनिटांचा तुकडा पुन्हा. प्रत्येकानं एकच जागा सांगायची, मिनिट-सेकंदासह. घराण्याचं नाव सगळ्यांचं सांगून झाल्यावरच काढायचं. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचं उदाहरण घ्या. त्यांची आधीची तालीम नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची, पुढची मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौलीची. नाव आधी घेतलं की लोकांना तेवढंच ऐकू येतं.

प्रश्न : माझ्या 78 च्या तबकडीत षड्ज पेटीवरच्या काळी एकचा आहे. मित्रानं त्याच तबकडीची फाइल पाठवली, तिच्यात तो पांढरी दोनचा येतो. खरा कुठला?
— एक वाचक, निपाणी

आधी दोन्हींची लांबी पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत मोजा. तुमची प्रत 3 मिनिटं 20 सेकंद आणि त्यांची 3 मिनिटं 9 सेकंद भरली, तर फरक वेगाचा आहे. वेग सुमारे 6 टक्के वाढला की स्वर एका पट्टीनं, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोनवर जातो. लांबी सारखीच असून पट्टी मात्र वेगळी असेल, तर कुणीतरी संगणकावर फक्त पट्टी बदललेली आहे. अशी फाइल चर्चेला घेऊ नका. आवाजाचा पोतच त्यात बदलतो. वेग दुरुस्त करायचा तर लय आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरावा.

मग तुमचं यंत्र तपासा. कागदाच्या चकतीवर समान अंतरावर रेघा छापलेल्या स्ट्रोबोस्कोपनं हे होतं. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर 78 साठी 77 रेघा लागतात, 33⅓ च्या एलपीसाठी 180. चकती फिरताना रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. उजेड जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा किंवा निऑन दिव्याचा हवा. बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक नसते, त्यामुळे रेघा धूसर दिसतात आणि माणूस यंत्राला दोष देतो.

यंत्र बरोबर असलं तरी प्रश्न संपत नाही. जुन्या तबकड्या, विशेषतः 1925 च्या आधीच्या, मायक्रोफोनऐवजी शिंगातून मुद्रित केलेल्या, नेमक्या 78 वर कापलेल्या नसत. काही सत्तरीच्या थोड्या वर, काही ऐंशीच्या पुढे. म्हणून ‘खरी पट्टी’ छातीठोकपणे सांगू नये. त्याच सुमाराच्या त्याच गायकाच्या इतर तबकड्यांशी ताडून ‘बहुधा काळी एक’ असं लिहावं.

आवाज बारीक वाटला म्हणून तबकडी वेगात फिरतेय, असा निष्कर्षही काढू नका. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्यांत आवाज उंच आणि बारीक आहे. घशावरच्या उपचारांनंतर तो खाली आला आणि पुढं आपल्या ओळखीचा तो भरदार आवाज झाला. त्या तबकड्या ‘दुरुस्त’ करून खाली आणणारे लोक एका गायिकेचं तरुणपण पुसत आहेत.

आकाशवाणी धारवाडवरून घरी टेपलेल्या कॅसेटमध्ये याच्या जवळचा दोष सापडतो. टेप करताना बॅटरी उतरत गेली असेल तर फीत हळू पुढं सरकलेली असते. नंतर ठीक चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर लावली की शेवटाकडं पट्टी चढत जाते. तंबोऱ्याचा षड्ज सुरुवातीला आणि शेवटी ताडून पाहा.

प्रश्न : तबकडीवर राग भूप लिहिलाय, आमच्यातले एकजण देसकार म्हणतात. दोन्हींत स्वर तेच. कसं ठरवावं?
— एक वाचक, अथणी

स्वर तेच, सा रे ग प ध, वस्ती वेगळी. भूपात गंधार वादी (मुख्य स्वर), विस्तार पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देसकारात धैवत वादी, वावर उत्तरांगात, तार षड्जाच्या आसपास. पहिल्या तीन मिनिटांत गायक कुठल्या स्वरावर थांबला याची नोंद करा : किती वेळा गंधारावर, किती वेळा धैवतावर. उतरताना पंचम-गंधार किंवा तार षड्ज-धैवत यांमधल्या मींडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात) तीव्र मध्यमाचा, निषादाचा स्पर्श ऐकू आला, तर शुद्ध कल्याणाचाही विचार करा. लेबलं चुकतात, इंटरनेटवरची शीर्षकं तर फारच. ‘लेबलवर अमुक, मला तमुक वाटतो, कारण…’ असं लिहावं. कारणाविना लिहू नये.

प्रश्न : पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येते, मग ऐकताना नुसतं चरचरतं. काय करावं?
— एक वाचक, खानापूर

खानापूरच्या पावसात हे व्हायचंच. तोंडाला मास्क लावा आणि कोरडी बुरशी घराबाहेर मऊ ब्रशनं झाडा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाका. मायक्रोफायबर कापडानं खाचांच्या दिशेनं, गोल पुसा. लेबल कोरडं राहू द्या. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून उभी करून सावलीत वाळवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको; त्यातले क्षार खाचेत सुकतात आणि तेच पुढं चरचरतात. 78 च्या तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जुनी बुरशीची आतली पिशवी फेकून द्या, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच. तबकड्या उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नकोत.

सुईही पाहा. 78 ला रुंद सुई लागते, एलपीच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट. एलपीची सुई 78 च्या खाचेत तळाला टेकते, तिथली सगळी घाण वाजवते, आणि आपण तबकडीला नावं ठेवतो. चर्चेच्या वहीत आवाजाच्या दर्जाची ओळ वेगळी ठेवा. खरखरीचा राग गायकावर निघता कामा नये.

प्रश्न : आमच्यात निम्मे कन्नड बोलणारे. नोंदी कुठल्या भाषेत ठेवाव्यात?
— एक वाचक, चिकोडी

ज्याच्या त्याच्या भाषेत. सम, आवर्तन, मींड, गमक हे शब्द दोघांचे आहेत; सरगमची अक्षरं आणि मिनिट-सेकंद यांना भाषा लागत नाही. मन्सूरांची वचनं (कन्नड भक्तिपदं) ऐकताना मात्र कन्नड मित्रानं आधी अर्थ सांगावा, आणि अभंग, नाट्यपद लावाल तेव्हा तुम्ही त्यांना सांगा.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ध्वनिमुद्रण मित्राकडं पोचेपर्यंत पार बसतं.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस मेसेज पाठवू नका. तो बोलण्यासाठी आहे, तंबोऱ्यासाठी नाही. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे ती आहे तशी जाते. जपून ठेवायची प्रत वाव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, ऐकायला एमपी3 चालेल.

हक्काचंही पाहा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1964 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांची ही मुदत संपली आहे. त्यानंतरच्यांचा तपशील पाठवा, फाइल नव्हे. खाजगी मैफलीची टेप असेल तर ती ज्यांच्या घरची आहे त्यांना आधी विचारा.