भूकंपाचं शहर की वादळाचं?

प्रश्न : दोन शहरांतून जॉबची ऑफर आहे. एक भूकंपाच्या पट्ट्यात येतं, दुसरं समुद्रकाठी आहे आणि तिथे चक्रीवादळं येतात. पुढे घरही घ्यायचंय. नेटवरच्या 'सर्वात सुरक्षित शहरं' वाल्या याद्या बघून डोकं फिरलंय, प्रत्येकीत नंबर वेगळा. तुलना करायची तरी कशी?

उत्तर : त्या याद्या आधी बंद करा. एकाच शहरात उंचावरची सोसायटी कोरडी राहते आणि नाल्याकाठची पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात जाते, यादीत मात्र दोघींना एकच नंबर! मेक्सिको सिटीचं बघा, १९८५ च्या भूकंपाचं केंद्र तिथून ३५० किलोमीटरच्या आसपास लांब होतं, तरी जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेल्या भागातल्या इमारती पडल्या आणि टणक जमिनीवरच्या भागात त्यामानाने फार कमी नुकसान झालं. म्हणून खाली जमीन कसली आहे ते आधी विचारा.

मग बांधकाम, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला, लाखाच्या वर माणसं गेली, पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला आणि तिथे मृतांचा आकडा पाचशेच्या आसपास राहिला. हैतीत केंद्र राजधानीला अगदी खेटून होतं हे खरंय, पण चिलीत भूकंपाचे बांधकाम नियम कडक आहेत आणि ते बऱ्यापैकी पाळले जातात, हा फरक मोठा. बिल्डिंग कुठल्या साली, कुठल्या नियमांनुसार बांधली ते काढा, आणि खाली नुसते पार्किंगचे खांब, वर सगळा भार असली बिल्डिंग असेल तर जरा सांभाळून.

वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते, त्यामुळे वेळेत निघालात तर जीव वाचतो, घर मात्र तिथेच राहतं. बहुतेक वेळा वाऱ्यापेक्षा आत घुसणारं समुद्राचं पाणी जास्त घातक, तेव्हा घर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते बघाच. आणि कोणी 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणालं तर निवांत होऊ नका, म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता, ३० वर्षांचं होम लोन धरलं तर जवळपास २६ टक्के.

मी असतो तर टणक जमिनीवरची, नव्या नियमांची बिल्डिंग मिळत असेल तर भूकंपाचं शहर घेतलं असतं, नाहीतर नाही. सही करायच्या आधी दोन्ही पत्त्यांसाठी इन्शुरन्सचा कोट मागवा, भूकंप आणि पूर साध्या पॉलिसीत बऱ्याच ठिकाणी धरलेले नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात.