सामुराईंच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात, पहिल्यांदाच मॅजिस्ट्रेटचं पात्र घेतोयस ना?

अरे तुझा मॅजिस्ट्रेट म्हणजे पिक्चरमधला इन्स्पेक्टर नाही, चोर दिसला की घातल्या बेड्या असं नसतं तिथे. आधी गेम मास्टरला, म्हणजे जो खेळ चालवतो त्याला, विचारून घे की तुझा हुकूम कुणावर चालतो आणि कुठे संपतो. खऱ्या एदो शहरातच, म्हणजे शोगुनांच्या काळातल्या टोकियोत बघ, माची-बुग्योचा (शहराच्या मॅजिस्ट्रेटचा) अधिकार साध्या शहरवासीयांवर, म्हणजे व्यापारी कारागीर वगैरे, पण देवळाची जागा आली की तिथला बुग्यो वेगळा, आणि शोगुनच्या थेट चाकरीतल्या सामुराईंवर नजर ठेवायला मेत्सुके नावाचे अधिकारी, त्यामुळे आरोपी कुठे जाऊन लपला यावरच अर्धी स्टोरी उभी राहते, मला तर खरी मजा यातच येते.

दुसरं म्हणजे लगेच तलवार उपसू नकोस. तिकडे कबुलीजबाबाला फार वजन होतं, म्हणून माणूस जिवंत पकडायचा. मी पहिल्याच सेशनला संशयिताला उडवला आणि मग दोन सेशन नुसती माझ्या पात्राच्या धन्यासमोर मान खाली घालून बसलो :)

तुझ्याच घराण्यातला कोणी अडकला तर काय करायचं ते आत्ताच ठरवू नकोस, टेबलावर बघ. आणि हो, पात्राच्या शीटवर तलवारीखाली जित्ते (माणूस जिवंत पकडायला वापरायचा लोखंडी दांडा) पण लिही, सगळे विसरतात.